फाइल आली, पण कोणती?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, ग्रीनबेल्ट इथे नासाचं गोडार्ड अंतराळ उड्डाण केंद्र आहे. तिथे १९८२ पासून ‘सीडीडीआयएस’ नावाचं एक माहिती-भांडार चालतं. जगभरच्या शेकडो जीपीएस स्थानकांच्या रोजच्या नोंदी तिथे जमा होतात. बंगळुरू आणि हैदराबादच्या स्थानकांच्याही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, हे मोजलं जातं ते अशाच नोंदींवरून. या नोंदी कुणी माणूस रोज बसून उतरवून घेत नाही. विद्यापीठांत, सर्वेक्षणाच्या कार्यालयांत दहा-वीस ओळींची एखादी स्क्रिप्ट असते. ती रात्री आपोआप चालते, सर्व्हरवरून कालच्या फाइली आणते आणि सकाळी माणसं गणिताला बसतात.

अशा स्क्रिप्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो आणि उघडून बघायची कुणाला गरज पडलेली नसते. मग ३१ ऑक्टोबर २०२० ला या भांडाराने आपली ‘अनामिक एफटीपी’ सेवा बंद केली. तोवर नाव-पासवर्ड न देता कुणीही येऊन फाइली नेऊ शकत होतं. आता खातं उघडायचं, ओळख पटवायची आणि कूटबद्ध मार्गाने फाइल न्यायची, असा नियम आला.

जुन्या स्क्रिप्टची यानंतर दोन तऱ्हांनी वाट लागू शकत होती. पहिली तऱ्हा सरळ होती: जोडणीच होईना, स्क्रिप्ट थांबली, लॉगमध्ये एरर आली, कुणीतरी शोध घेतला. दुसरी तऱ्हा जास्त घातक. कुणीतरी घाईत पत्त्यातलं ‘एफटीपी’ काढून तिथे ‘एचटीटीपीएस’ घातलं. स्क्रिप्ट चालली, फाइली आल्या, नावंही बरोबर, एरर एकही नाही. पण फाइल उघडायला गेलं, की दाबलेल्या फाइली सोडवणारं जीझिप म्हणे, ही माझी फाइलच नव्हे. आत जीपीएसचा एक आकडा नव्हता. ‘ओळख पटवायला अमुक पत्त्यावर जा’ एवढ्याच अर्थाचं चार ओळींचं एचटीएमएल होतं.

फाइली आणणाऱ्या स्क्रिप्टच्या दुरुस्तीतलं मर्म या दुसऱ्या तऱ्हेत आहे. ओरडून बंद पडणारी स्क्रिप्ट परवडली. ‘झालं’ म्हणून खुशाल पुढे जाणारी महागात पडते. तेव्हा घोडं पेंड कुठे खातंय हे शोधताना स्क्रिप्टच्या शब्दावर विसंबायचं नाही. प्रत्येक टप्प्यावर तिच्याकडून पुरावा मागायचा.

आधी फाइल, मग कोड

काही बिघडलं की आपला पहिला हात कोडकडे जातो. त्याआधी जे आलंय ते नीट बघावं. निम्मं निदान तिथेच होतं.

पहिली गोष्ट, आकार. शून्य बाइटची फाइल असेल, तर फाइल उघडली गेली पण आत काही पोचलं नाही. एरवी मेगाबाइटच्या घरात असणारी फाइल दोन-चार किलोबाइटची आली, तर बहुधा ते नकाराचं पत्र आहे. आणि तीस दिवसांच्या तीस फाइली बाइटनबाइट एकाच आकाराच्या असतील, तर एकाच एरर-पानाच्या तीस प्रती आपण जपून ठेवल्या आहेत, असं खुशाल समजावं.

दुसरी गोष्ट, फाइलीचे पहिले बाइट. फाइलीचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतं, पण बहुतेक प्रकारच्या फाइली सुरुवातीलाच आपली खूण घेऊन येतात. जीझिपची फाइल हेक्समध्ये ‘१एफ ८बी’ या दोन बाइटनी सुरू होते. जुन्या युनिक्सच्या ‘कॉम्प्रेस’ची फाइल ‘१एफ ९डी’ने. झिप फाइलीच्या तोंडाशी ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरं असतात, तो प्रकार तयार करणाऱ्या फिल काट्झची आद्याक्षरं. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ‘पीडीएफ’ ही अक्षरं. आता जीझिप म्हणून आणलेल्या फाइलीचे पहिले दोन बाइट ‘३सी २१’ दिसले, तर ते ‘<!’ आहे, म्हणजे वेबपानाची सुरुवात. लिनक्सवर ‘फाइल’ नावाचीच एक कमांड आहे. ती नावाकडे न बघता आतल्या खुणा वाचते आणि ‘हा एचटीएमएल मजकूर आहे’ असं स्वच्छ सांगते. एका ओळीचं काम आहे, पण ते केल्यावर पुढचे दोन तास वाचतात.

आतला मजकूर वाचता येण्यासारखा असेल तर तो वाचावाच. खातं बंद आहे, पासवर्डची मुदत संपली, तुमच्याकडून फार मागण्या आल्या, असं सर्व्हरने तिथे धडधडीत लिहिलेलं असतं. आपण ते ‘.जीझेड’ नावाने साठवून ठेवल्यामुळे कुणी वाचलेलं नसतं, एवढंच.

सात टप्पे

दूरच्या सर्व्हरवरून फाइल येते तेव्हा सात गोष्टी ओळीने व्हाव्या लागतात. सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता मिळणं, त्या पत्त्याशी जोडणी होणं, कूटबद्ध मार्ग ठरणं, ओळख पटणं, फाइल जागेवर सापडणं, ती पूर्ण वाहून येणं आणि आपल्या डिस्कवर उतरणं. यातली कोणतीही कडी तुटली तरी वापरणारा म्हणतो एकच: ‘डाउनलोड होत नाहीये.’ दुरुस्ती करणाऱ्याने हे वाक्य मोडून नेमकी कडी शोधायची.

या कामाची दोन साधनं बहुतेक सगळ्या यंत्रांवर असतात. डब्ल्यूगेट १९९६ मध्ये क्रोएशियाच्या ह्रवोये निक्शिच याने लिहिलं. कर्ल हे नाव १९९८ मधलं, स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गचं; मुळात त्याला चॅटच्या बॉटसाठी चलनांचे दर आपोआप आणायचे होते. स्क्रिप्ट पायथनमध्ये असो की शेलमध्ये, तिने मागितलेली एकच फाइल याच साधनाने, हाताने, टर्मिनलवर मागून बघावी आणि तीही ‘व्हर्बोज’ पर्याय लावून. मग संवाद ओळीओळीने दिसतो: कोणता पत्ता मिळाला, कोणत्या पोर्टवर जोडणी झाली, प्रमाणपत्र कुणाचं, आपण काय मागितलं आणि उत्तर काय आलं.

संपताना कर्ल एक आकडा मागे ठेवतं. ६ म्हणजे नावाचा पत्ताच सापडला नाही: एकतर नाव चुकलं, नाहीतर डीएनएस बिघडलं. ७ म्हणजे पत्ता मिळाला पण जोडणी झाली नाही. २८ म्हणजे वाट बघून वेळ संपली. इथे वाटेतल्या फायरवॉलवर संशय घ्यायला जागा आहे. ६० म्हणजे प्रमाणपत्राची खात्री पटली नाही. ६७ म्हणजे लॉगिन नाकारलं. १८ म्हणजे फाइल अर्धवट आली आणि २३ म्हणजे आपल्याच डिस्कवर लिहिता आलं नाही. हा आकडा बघितला की सातातली कोणती कडी तुटली ते जवळजवळ हातात येतं. पुष्कळ स्क्रिप्ट तो आकडा तपासतच नाहीत. पाइप लावून एका कमांडचं उत्तर दुसरीला दिलं असेल, तर शेल शेवटच्या कमांडचा आकडा धरतं. पहिली पडलेली असली तरी दुसरी नीट संपली, म्हणून सगळं आलबेल दिसतं. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय त्यासाठीच आहे.

आणि शून्य? शून्य म्हणजे सगळं ठीक. इथेच खरी मेख आहे. सर्व्हर ‘४०४, अशी फाइल नाही’ म्हणाला, तरी कर्लच्या लेखी संवाद नीट पार पडलेला असतो. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, ते फाइलीत लिहिलं, शून्य. पोस्टमनने पाकीट हातात दिलं आणि आपण सही केली, की त्याचं काम झालं. आत नेमणुकीचं पत्र आहे की नकाराचं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. म्हणून कर्लला ‘--फेल’ हा पर्याय द्यावा लागतो. तो दिला की ४०० आणि त्यापुढच्या उत्तरांना ते अपयश मानतं आणि २२ हा आकडा देऊन संपतं. डब्ल्यूगेट अशा वेळी आपणहूनच ८ देतं.

सर्व्हरच्या उत्तरांचे आकडेही नीट वाचावेत. ४०१ म्हणजे ओळख सांगा. ४०३ म्हणजे बहुधा ओळख कळली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे इथे ती वस्तू नाही. ४२९ म्हणजे फार मागताय, जरा थांबा. ५०० च्या घरातलं उत्तर आलं तर गडबड पलीकडे आहे. आपला कोड उकरत बसण्यात अर्थ नाही. आणि ३०१, ३०२ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा.

ओळख एकीकडे, फाइल दुसरीकडे

हे ३०२ नासाच्या भांडारातलं कळीचं ठिकाण. फाइल एका सर्व्हरवर आहे आणि ओळख पटवणारा ‘अर्थडेटा लॉगिन’चा सर्व्हर वेगळा आहे. फाइल मागितली की पहिला म्हणतो, तिकडे जाऊन ओळख पटवून ये. दुसरा नाव-पासवर्ड बघतो आणि परत पाठवतो. मधल्या काळात मिळालेली कुकी जवळ असेल तरच पहिला दार उघडतो.

ब्राउझर हा सगळा उपद्व्याप आपल्या नकळत करतो, म्हणून ‘ब्राउझरमध्ये तर उतरते की!’ ही तक्रार येते. कर्लला मात्र तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पाठवतील तिकडे जा, मिळालेली कुकी जपून ठेव आणि नाव-पासवर्ड ‘नेटआरसी’ फाइलीतून घे. त्या फाइलीत सर्व्हरचं नाव लिहून त्यापुढे खातं आणि पासवर्ड लिहायचा असतो. तिथे फाइली ठेवणाऱ्या सर्व्हरचं नाव लिहिलं, की झालीच फसगत. पासवर्ड विचारणारा सर्व्हर दुसराच आहे, त्यामुळे नोंद त्याच्या नावाने हवी. कमांडमध्ये थेट नाव-पासवर्ड देऊनही भागत नाही, कारण एका सर्व्हरसाठी दिलेला पासवर्ड वाटेत भेटलेल्या दुसऱ्या सर्व्हरला कर्ल देत नाही. ही खोड नव्हे, सुरक्षा आहे. नाहीतर कुणीही आपल्याला भलतीकडे वळवून पासवर्ड काढून घेतला असता.

एफटीपीच्या दोन वाटा

एफटीपी ही इंटरनेटपेक्षाही जुनी गोष्ट. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा. लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडून अमेरिकेतल्या एमआयटीत गेलेले अभियंते. तेव्हाच्या अर्पानेटवर मोजकी यंत्रं आणि ओळखीची माणसं होती. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, याचं कुणाला वावगं वाटलं नाही. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कुणीतरी टिपून घेतले आणि तिथल्या टाटू युलोनेनने सगळा संवाद कूटबद्ध करणारं एसएसएच लिहिलं. एफटीपीची पीछेहाट मात्र सावकाश झाली. डेबियन या लिनक्स-प्रकल्पाने आपले सार्वजनिक एफटीपी सर्व्हर १ नोव्हेंबर २०१७ ला बंद केले. फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. तरी बँकांच्या मागच्या खोल्यांत, कारखान्यांत, जुन्या यंत्रांत ते अजून आहे आणि त्याची एक खास खोड आहे.

खोड अशी: लॉगिन होतं, सर्व्हर ‘या’ म्हणतो, फोल्डर बदलता येतं; पण यादी मागितली किंवा फाइल मागितली की सगळं गप्प. कारण एफटीपीत दोन वाटा असतात. हुकूम एका वाटेने, २१ क्रमांकाच्या पोर्टवर. माल दुसऱ्या वाटेने. ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीत दुसरी वाट सर्व्हर आपल्या यंत्राकडे उघडू बघतो आणि घरातला राउटर किंवा कार्यालयाची फायरवॉल त्याला दारातच अडवते. ‘पॅसिव्ह’ पद्धतीत सर्व्हर आपला पत्ता आणि पोर्ट सांगतो आणि आपण तिकडे जातो.

लॉगमध्ये तेव्हा २२७ क्रमांकाचं उत्तर दिसतं आणि कंसात सहा आकडे, समजा १९२, १६८, १, १०, १९५, १४९. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटच्या दोनांवरून पोर्ट काढायचं: १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०, त्यात १४९ मिळवले की ५०,०६९. म्हणजे १९२.१६८.१.१० या पत्त्याच्या ५०,०६९ व्या पोर्टवर या, असं सर्व्हर म्हणतोय. पण १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खाजगी नेटवर्कचा. बाहेरून तिथे पोचताच येत नाही. सर्व्हर स्वतः राउटरमागे आहे आणि आपला घरातला पत्ता सांगतोय. चूक त्याच्या रचनेत आहे, हे या एका ओळीने सिद्ध होतं. तिथल्या व्यवस्थापकाला कळवायला याहून पक्का पुरावा नको.

याच एफटीपीची आणखी एक जुनी देणगी म्हणजे ‘आस्की’ आणि ‘बायनरी’ हे दोन प्रकार. आस्कीत ओळी संपवणाऱ्या खुणा वाटेत बदलल्या जातात. मजकुरासाठी ते ठीक. झिप किंवा चित्र त्या मार्गाने आलं की अधलेमधले बाइट बदलतात. आकार मूळच्या जवळपासच असतो, पण फाइल उघडत नाही.

हाताने चालते, रात्री चालत नाही

‘मी चालवली तर चालते, क्रॉनमधून चालत नाही’ ही तक्रार सनातन आहे. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम. तो स्क्रिप्ट चालवतो तेव्हा आपण लॉगिन केल्यावर मिळणारा सगळा संसार तिच्याजवळ नसतो. कमांड कुठे शोधायच्या याची यादी तुटपुंजी असते, पुष्कळदा फक्त दोन फोल्डरांची. आपण हाताने लावलेली एसएसएचची किल्ली तिथे उघडलेली नसते. आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे ‘इथे ओळ संपली’. तारीख काढायच्या कमांडमध्ये टक्के हमखास असतात, त्यामुळे हुकूम मध्येच तुटतो. उपाय सोपे आहेत. कमांडचे पूर्ण पत्ते द्यावेत, टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ घालावी आणि स्क्रिप्टचं सगळं बोलणं लॉगफाइलीत वळवावं. नाहीतर ती अंधारात काय म्हणाली ते कुणाला कळत नाही.

तारखेचं दुखणं त्याहून खोल आहे. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो. आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ३ ला पुण्यात चाललेली स्क्रिप्ट ‘कालची फाइल’ मागते. पण जागतिक वेळेनुसार तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आपला ‘काल’ तिथे अजून संपलेला नाही, त्यामुळे पूर्ण दिवसाची फाइल तयारच नसते. ४०४ येतो आणि आपण पत्त्यात चूक शोधत बसतो. स्क्रिप्टमधली प्रत्येक तारीख जागतिक वेळेत काढावी, हे पथ्य पाळलं तर ही भानगड मिटते.

जीपीएसच्या फाइलींत तर आणखी एक गंमत आहे. त्यांच्या नावात महिना-तारीख नसते. वर्षातला कितवा दिवस ते तीन आकड्यांत असतं: ००१ ते ३६६. बॅश शेल मात्र शून्याने सुरू होणारा आकडा गणितात अष्टमान पद्धतीचा धरतं आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंक नसतातच. म्हणून ‘दिवसात एक मिळव’ अशी साधी ओळ ७ जानेवारीपर्यंत चालते आणि ००८ आला की एरर देऊन पडते. ही झाली बरी बाजू. १० जानेवारीला ०१० येतो. तो चालतो! पण अष्टमानातला १० म्हणजे आपला ८. स्क्रिप्ट निमूटपणे भलत्या दिवसाची फाइल आणते आणि शून्य आकडा देऊन संपते. ९ एप्रिलच्या आसपास ०९९ संपून १०० सुरू होतो, पुढचं शून्य जातं आणि सगळं आपोआप ‘दुरुस्त’ होतं, पुढच्या जानेवारीपर्यंत. आकड्याच्या आधी ‘१०#’ लिहून तो दशमान आहे असं बॅशला सांगितलं, की हा वार्षिक आजार कायमचा जातो. फक्त ठराविक दिवशी बिघडणारी स्क्रिप्ट दिसली, तर नेटवर्कला दोष देण्याआधी कॅलेंडर बघावं, ते यासाठी.

४०४ चं आणखी एक कारण म्हणजे पलीकडे नावं बदलणं. नासाच्या त्याच भांडारात डिसेंबर २०२० पासून रोजच्या फाइली जुन्या कॉम्प्रेसऐवजी जीझिपमध्ये येऊ लागल्या. मग २७ नोव्हेंबर २०२२ पासून, म्हणजे जीपीएसच्या २२३८ व्या आठवड्यापासून, आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या कक्षा-घड्याळांच्या फाइलींना लांबलचक नवी नावं आली. सर्व्हर धडधाकट, जोडणी उत्तम, पासवर्ड बरोबर. आणि तरी फाइल नाही. अशा वेळी फोल्डरची यादी मागून डोळ्यांनी बघावी. आपण मागतोय ते नाव आणि तिथे आहे ते नाव शेजारीशेजारी ठेवलं की फरक दिसतो.

अर्धी आलेली फाइल

मोठी फाइल मध्येच तुटली तर उरलेलीच आणायची सोय आहे. आपण ‘अमुक बाइटपासून पुढे दे’ म्हणतो आणि सर्व्हरला मान्य असेल तर तो २०६ हे उत्तर देतो. यात एक सापळा आहे. पहिला अर्धा भाग काल आणला आणि दरम्यान सर्व्हरवर त्या फाइलीची सुधारलेली आवृत्ती आली, तर आज आलेला उरलेला भाग नव्या आवृत्तीचा असतो. दोन्ही चिकटून जी फाइल होते ती कधी कुठे अस्तित्वातच नव्हती. आकार मात्र जुळू शकतो. म्हणून पुढे चालू ठेवलेलं डाउनलोड बेरजेने पडताळल्याशिवाय स्वीकारू नये.

ही बेरीज म्हणजे चेकसम. फाइलीतल्या सगळ्या बाइटवरून एक ठराविक लांबीची खूण काढतात. एक बाइट बदलला तरी खूण पार बदलते. पुष्कळ भांडारं प्रत्येक फोल्डरमध्ये अशा खुणांची यादी ठेवतात. ती आणून ताडून बघणं हा संशयाचा शेवटचा निकाल.

लहान फाइली येतात आणि मोठ्या ठराविक ठिकाणी अडकतात, असं दिसलं तर वाटेतल्या पाकिटांच्या आकाराकडे बघावं. विशेषतः व्हीपीएनमधून जाताना मोठं पाकीट मधल्या यंत्राला पेलत नाही. त्याने तसं परत कळवायचं असतं, पण एखादी अतिदक्ष फायरवॉल तो निरोपच अडवते. लॉगिनपुरती छोटी पाकिटं सुरळीत जातात, खरा माल निघाला की शांतता. पाकिटाचा कमाल आकार थोडा उतरवून बघितला तर निदान पक्कं होतं.

पुन्हा प्रयत्न करण्यालाही रीत आहे. अपयश आलं की लगेच, दर सेकंदाला तीच मागणी करत सुटणारी स्क्रिप्ट सर्व्हरला हल्लेखोरासारखी दिसते आणि आपला पत्ता बंद होतो. मग प्रश्न एकाचे दोन होतात. दोन सेकंद, चार, आठ, असं अंतर वाढवत जावं. सर्व्हरने किती थांबायचं ते सांगितलं असेल तर तेवढं थांबावं. आणि ४०१ किंवा ४०४ साठी पुन्हा पुन्हा दार वाजवू नये. ती उत्तरं काही सेकंद थांबल्याने बदलत नाहीत.

इशारे गप्प करू नका

३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची असंख्य प्रमाणपत्रं जुन्या यंत्रांवर त्याच्या आधारानेच ओळखली जात होती. त्या दिवशी ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असलेल्या यंत्रांवर कालपर्यंत चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद पडल्या, सर्व्हरच्या प्रमाणपत्रात काही खोट नसताना. अशा वेळी सगळ्यात झटपट सापडणारा सल्ला म्हणजे ‘प्रमाणपत्र तपासणं बंद करा’. एका अक्षराचा पर्याय आहे आणि एरर लगेच जाते. पण त्यासोबत आपण कुणाशी बोलतोय ही खात्रीही जाते आणि तो पर्याय पुढची दहा वर्षं स्क्रिप्टमध्ये तसाच राहतो. खरा इलाज म्हणजे यंत्रावरची मूळ प्रमाणपत्रांची यादी आणि लागलंच तर ते सॉफ्टवेअर ताजं करणं.

एसएसएचमध्येही हीच कथा. ‘दूरच्या यंत्राची ओळख बदलली आहे’ असा मोठ्या अक्षरांतला इशारा आला, की जुनी नोंद पुसून पुढे जायचा मोह होतो. सर्व्हर नवा बसवला असेल तर ते रास्तही असतं. पण आधी फोन करून तिथल्या माणसाला नवी खूण विचारावी आणि जुळली तरच नोंद बदलावी.

पुन्हा बिघडेल तेव्हासाठी

स्क्रिप्ट दुरुस्त झाल्यावर आणखी अर्धा तास द्यावा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवावी. आकार, पहिले बाइट आणि चेकसम तपासून झाल्यावरच खरं नाव द्यावं. मग अर्धवट फाइल पुढच्या गणितात शिरत नाही. कालची स्क्रिप्ट संपायच्या आत आजची सुरू होऊ नये म्हणून कुलूप ठेवावं. डिस्कवर जागा आहे का ते आधी बघावं. लाखो चिमुकल्या फाइली साठल्या असतील तर जागा असूनही ‘जागा नाही’ अशी एरर येते, कारण फाइलींच्या नोंदींची मर्यादा संपलेली असते. आणि अपयशाचा ईमेल पुरेसा नाही, कारण स्क्रिप्ट मुळात सुरूच झाली नाही तर तो पाठवणार कोण? त्यापेक्षा दुसऱ्या यंत्राने रोज बघावं, की आजची तपासलेली फाइल ठरल्या वेळेपर्यंत जागेवर आहे का, आणि नसेल तर ओरडावं.

एवढं करूनही दोष पलीकडचाच निघाला, तर सर्व्हरवाल्यांना लिहावं लागतं. ‘तुमचा सर्व्हर चालत नाही’ या ईमेलला उत्तर येत नाही, आलंच तर ‘आमच्याकडे चालतोय’ असं येतं. जागतिक वेळेतली नेमकी वेळ, आपला आयपी पत्ता, मागितलेल्या फाइलीचं पूर्ण नाव, हाताने चालवलेली एकच कमांड आणि तिचं पूर्ण बोलणं, एवढं पाठवावं. पाठवण्याआधी त्यातला पासवर्ड आणि कुकी खोडायला विसरू नये. व्हर्बोज लॉगमध्ये दोन्ही असू शकतात. पलीकडचा माणूस तेवढ्यावर आपल्या लॉगमध्ये ती मागणी शोधू शकतो. ‘डाउनलोड होत नाहीये’पासून निघालेली तक्रार मग ‘तुमचा सर्व्हर पॅसिव्हमध्ये खाजगी पत्ता देतोय’ इथवर आलेली असते, आणि अशा तक्रारीवर काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.